अक्का सांगतात, सेव्ह करा

२ ऑगस्ट १९९८, रविवार

निवृत्तीनंतर वेळ कसा घालवता, असं यापुढे कुणी विचारलं तर माझ्याकडे उत्तर आहे. आज मी 'पाटी'त दाखल झालो.

पाटी हे संगणकावर मजकूर लिहायचं सॉफ्टवेअर आहे. ते फुकट मिळतं आणि त्याचा आतला कोडही सगळ्यांसाठी उघडा असतो. ज्याला हवा त्याने वाचावा, सुधारावा, सुधारलेला परत पाठवावा. पगार कुणालाच नाही. इथे बंगळुरात, बसवनगुडीत एका शिकवणी वर्गाच्या माडीवर ही मंडळी रविवारी जमतात. प्रमुख आहे शाल्मली नावाची मुलगी. मूळची नागपूरची, इथे कंपनीत नोकरी करते. पाटी तिनेच सुरू केली.

मी उभं राहून ओळख करून दिली. लेथ बनवणाऱ्या कारखान्यात टूलरूममध्ये घालवलेली वर्षं, शेवटी संगणकावर चालणाऱ्या मशीनचे प्रोग्रॅम, स्वेच्छानिवृत्ती, मग जयनगरला संध्याकाळी केलेला सी भाषेचा कोर्स आणि त्यात मिळालेला पहिला वर्ग. सगळे अगदी शांत बसून ऐकत होते. चहा यायचा होता.

शाल्मली म्हणाली, "आलात ते छान केलं काका. आमच्याकडे नवीन माणूस आधी एक्स्टेन्शन लिहितो."

मी अर्थ विचारला. कोअर म्हणजे पाटीचा गाभा. फाइल उघडणं, अक्षरं पडद्यावर आणणं, लिहिलेलं जपून ठेवणं हे सगळं तिथे होतं. एक्स्टेन्शन म्हणजे बाहेरून लावायची जोड. कुणी शब्द मोजायची जोड लिहिली आहे, कुणी पत्रावर पत्ता नीट मांडणारी. हवी तर लावा, नको तर काढा. जोड बिघडली तरी पाटी चालूच राहते.

"आणि कोअर?" मी विचारलं.

"ते बघू नं हळूहळू."

तिच्या शेजारी विद्याधर नावाचा पुण्याचा मुलगा बसला होता. कोअरचं बरंचसं काम तो करतो. तो म्हणाला, "काका, बेसिकली कोअरमध्ये एक चूक झाली की सगळ्यांची वाट लागते. एक्स्टेन्शनमध्ये चुकलात तर फक्त तुमची."

मी जन्मभर लेथचा बेड आणि हेडस्टॉक, म्हणजे यंत्राचा कणाच पाहिला आहे. हँडलला रबरी मूठ बसवायला मी आलेलो नाही. हे मी मनात म्हटलं. मोठ्याने कन्नडमधलं 'ठीक आहे' म्हटलं, "सरी."

४ ऑगस्ट, मंगळवार

पीण्याच्या औद्योगिक वसाहतीत नरसिंहाकडे गेलो होतो. आम्ही एकाच दिवशी कारखान्यात लागलो. त्याने आधीच नोकरी सोडून स्वतःचं छोटं वर्कशॉप टाकलं. त्याला पाटीबद्दल सांगितलं.

"पगार?" त्याने विचारलं.

"नाही."

"मग काम काय?"

"काम मोठं आहे. पण ते आत्ताच नको म्हणतात. आधी बाहेरबाहेरचं कर म्हणतात."

नरसिंहाने मशीन बंद केलं, हात पुसले आणि म्हणाला, "पगार नाही, तरीही काम द्यायला तयार नाहीत? अण्णा, हे तर सरकारी नोकरीपेक्षा कठीण आहे."

त्याला या गोष्टी कळत नाहीत.

९ ऑगस्ट, रविवार

सगळा कोअर छापून घेतला. गठ्ठा एवढा झाला की टेबलावर मावेना, म्हणून दिवाणावर पसरला. जमना शाळेतून दमून येते आणि दुपारी तिथेच आडवी होते. आज रविवार असल्यामुळे ती सकाळपासूनच आडवी व्हायला आली होती. एक शब्द न बोलता खुर्चीत बसून झोपली. पत्नी समजूतदार असणं हे भाग्य आहे.

कोड वाचून मात्र धक्का बसला. समास सारखे नाहीत. एकाच वस्तूला कुठे एक नाव, कुठे दुसरं. 'tmp' हे नाव तर जागोजागी. यंत्राच्या एखाद्या भागाचं नाव 'तात्पुरता' ठेवलं तर ते यंत्र कोण विकत घेईल?

१९ ऑगस्ट, बुधवार

दहा दिवस राबून संपूर्ण कोअर शिस्तीत आणला आणि पाठवून दिला. समास सरळ केले, नावं बदलली, प्रत्येक भागाच्या डोक्यावर पाटी लावली. आज विद्याधरचं उत्तर आलं. एकच ओळ.

"काका, यात नेमकं काय दुरुस्त झालं?"

मी लिहिलं, "शिस्त."

त्यावर उत्तर नाही. मुद्दा बिनतोड असला की असंच होतं.

३० ऑगस्ट, रविवार

शाल्मलीने आज चहाच्या वेळी बाजूला घेतलं. माझं अक्षर न् अक्षर तपासायचं वळण तिला फार आवडलं म्हणाली. पाटीच्या माहितीपुस्तकात शुद्धलेखनाच्या चुका फार आहेत, तेवढ्या मी दुरुस्त कराव्यात. त्यासाठी सगळा कोड जिथे ठेवलेला असतो त्या सामाईक कोठाराचा पासवर्ड मला दिला.

"फक्त माहितीपुस्तकासाठी हं काका," ती म्हणाली. "या कोठाराला वेगवेगळी कुलपं नाहीत, म्हणून सांगते."

अर्थ उघड आहे. हळूहळू आत घेत आहेत.

१३ सप्टेंबर, रविवार

आज एक महत्त्वाचं काम केलं.

माहितीपुस्तक तपासता तपासता कोअरमधला जपून ठेवण्याचा भाग, ज्याला ही मुलं 'सेव्ह' म्हणतात, तो नजरेस पडला. बघतो तर काय, तुम्ही सेव्ह म्हटलंत की पाटी आधी सगळा मजकूर एका वेगळ्या फाइलमध्ये लिहिते, मग जुनी फाइल बाजूला करते आणि नवीला तिचं नाव देते. एका कामाला दोन ऑपरेशन! आमच्या कारखान्यात असं कुणी केलं असतं तर मी त्याला कॅन्टीनसमोर उभा केला असता. मी मधलं सगळं काढून टाकलं. आता पाटी जुनी फाइल पुसते आणि तिथेच नवा मजकूर लिहिते. सरळ, सुटसुटीत. आणि वेगही वाढला.

कोठारात टाकून दिलं. सांगत बसलो असतो तर पुन्हा 'नेमकं काय दुरुस्त झालं' असं विचारलं असतं. आता वापरतील आणि मग विचारतील, हे कुणी केलं?

घरच्या संगणकावरही लगेच बसवलं. जमना सातवीच्या सहामाहीची इंग्रजीची प्रश्नपत्रिका त्याच्यावरच टाइप करते आहे. ती हाताने लिहिणार होती. मीच आग्रह केला.

१५ सप्टेंबर, मंगळवार

लाइट गेली. जमनाने सेव्ह म्हटलं आणि त्याच क्षणी गेली. परत आली तेव्हा प्रश्नपत्रिकेची फाइल होती, पण आत काही नव्हतं. कोरी.

या शहरात लाइटचं हे असंच आहे. मी तिला तेच समजावलं. ती ओरडली नाही. म्हणाली, "उद्या छापायला द्यायची होती."

एवढंच. मग स्वयंपाकघरात गेली.

मी मोठ्याने लाइटवाल्यांना नावं ठेवली, तिला बरं वाटावं म्हणून.

१६ सप्टेंबर, बुधवार

विद्याधरचा फोन. काका, कोठारात सेव्हचा भाग तुम्ही बदललात का? मी अभिमानाने हो म्हटलं. तर म्हणाला, काल त्याचीही लाइट गेली आणि आठवडाभराचं लिखाण पुसलं गेलं.

"अरे, पण तो लाइटचा दोष."

"काका, लाइट जाणार हे धरूनच तर ते दोनदा लिहायचं ठेवलं होतं! आधी नवीन नीट लिहून घ्यायचं, मग जुनं काढायचं. मध्ये लाइट गेली तर निदान जुनं तरी राहतं. तुम्ही आधी जुनंच पुसायला लावलंत."

मी म्हटलं, तसं कोडमध्ये लिहून ठेवायला हवं होतं. तो म्हणाला, लिहिलेलं होतं. ऑगस्टात शिस्त लावताना माझ्या प्रतीत ती ओळ मीच वगळली होती आणि बदल करताना तीच प्रत समोर ठेवली होती. मजकूर समासाबाहेर जात होता.

फोन ठेवला. जमना समोरून ताट घेऊन गेली. तिला सांगायला हवं होतं. मी पाणी प्यायलो.

१७ सप्टेंबर, गुरुवार

सांगितलं. ती शाळेच्या स्टाफरूममध्ये बसून सगळी प्रश्नपत्रिका आठवून हाताने लिहून आली होती. बोटाला शाई लागलेली. माझं ऐकून घेतलं. मग कुकरला म्हणाली, "ऐकलंस? लाइटची चूक नव्हती."

तेव्हापासून ती कुकरशीच बोलते आहे. जेवण वाढलं आहे हे मला कुकरकडून कळतं.

१८ सप्टेंबर, शुक्रवार

शाल्मलीचाही फोन आला. तिने जुना भाग परत बसवला. आवाज नेहमीसारखाच होता, त्याचाच जास्त त्रास झाला.

"काका, तुमचा पासवर्ड मी सध्या बंद करते आहे. राग मानू नका. रविवारी याल नं?"

"राग कसला," मी म्हटलं आणि मोडेमची वायर काढून कपाटात ठेवली.

कारखान्यात शेवटच्या वर्षी नवा साहेब आला होता. माझ्या टेबलाशी येऊन म्हणाला, मालोजीराव, तुमच्यासारख्या अनुभवी माणसांनी आता आराम करावा. त्याचाही आवाज असाच होता.

३० सप्टेंबर, बुधवार

दोन रविवार गेलो नाही. लिहिण्यासारखंही काही नव्हतं.

आज आयुधपूजा. दरवर्षीप्रमाणे स्कूटर, शिलाई मशीन आणि माझे जुने मायक्रोमीटर मांडले. जमनाने संगणकही पुसून काढला, त्याला कुंकू लावलं, झेंडूचं फूल ठेवलं आणि हात जोडून त्यालाच म्हणाली, "मी लिहीत बसले की मला भान राहत नाही. मला मधूनमधून आठवण करत जा, की बाई, सेव्ह कर."

कुकरऐवजी संगणक, म्हणजे थोडं जवळ आलं होतं. मी धीर केला. "असं करायला कोअरमध्ये हात घालावा लागेल. मला बंदी आहे."

तिने पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "मग बाहेरून लावा. ते काय म्हणतात तुमच्यात, जोड?"

मोडेमची वायर कपाटातून काढली. ती तिने साड्यांच्या खाली नीट गुंडाळून ठेवली होती.

६ ऑक्टोबर, मंगळवार

एक्स्टेन्शन लिहिणं हे हलकं काम आहे, यात शंका नाही. दोन बैठकांत मुख्य भाग झाला. बराच वेळ सेव्ह केलं नाही की पडद्याच्या तळाशी एक ओळ येते. नुसती 'सेव्ह करा' अशी ओळ टाकली, तर जमनाला दिसलीच नाही. भिंतीवरच्या कॅलेंडरसारखी, असून नसल्यासारखी.

मग वाटलं, माणूस कशाने हलतो? मी कशाने हलतो? आमच्या गल्लीत जमनाला सगळे अक्का म्हणतात. भाजीवाला, पोस्टमन, समोरचे वकील, सगळे तिच्या एका वाक्यात हलतात. तेव्हा तिचीच वाक्यं घातली, इंग्रजी अक्षरांत, कंसात इंग्रजी अर्थ देऊन; 'स्वल्प'ला मात्र शब्द सापडेना, तो तसाच ठेवला. पहिल्यांदा येतं, 'अहो, स्वल्प सेव्ह करा.' दुर्लक्ष केलं की, 'मी काय म्हणते ते ऐकू येतंय ना?' त्यानंतर, 'नंतर माझ्याकडे रडत यायचं नाही.' आणि तरीही केलं नाही तर, 'बरं. मी काही बोलत नाही.'

हे शेवटचं आलं की माझा हात आपोआप चालतो. स्वतःवर तपासून पाहिलं.

एक्स्टेन्शनला नाव द्यावं लागतं. 'अक्का' दिलं. तिला सांगितलं नाही. ती काय वाचायला जाणार आहे?

११ ऑक्टोबर, रविवार

माडीवर गेलो. कुणी मागचा विषय काढला नाही. विद्याधरने उठून मला पंख्याखालची खुर्ची दिली. शाल्मलीला अक्का दाखवली. तिने मुद्दाम सेव्ह न करता शेवटच्या ओळीपर्यंत वाट पाहिली आणि मग एवढी हसली की डोळे पुसावे लागले. विद्याधरही हसला. म्हणाला, "काका, 'मी काही बोलत नाही' हे भयानक आहे. सेम माझी आई."

त्यांनी अक्का इतर जोडांबरोबर जगासाठी ठेवून दिली. ते हसले याचं मला वाईट वाटलं. मी गंभीरपणे केलेलं काम होतं.

५ नोव्हेंबर, गुरुवार

न्यूझीलंडहून ईमेल. एक बाई आहेत, चर्चचं मासिक पाटीवर लिहितात. 'आज अक्का माझ्यावर रागावल्या. मी लगेच सेव्ह केलं. अक्कांना माझा नमस्कार सांगा. आणि कृपया, स्वल्प म्हणजे काय?'

मी कळवलं की स्वल्प म्हणजे थोडंसं. हा शब्द आम्ही बंगळूरकर मराठीतही वापरतो आणि शब्दशः घ्यायचा नसतो. स्वल्प थांबा म्हटलं की अर्धा तास.

त्यांचं उत्तर आलं, की त्यांच्या नवऱ्यालाही आता त्या 'स्वल्प थांबा' म्हणतात.

कोअरचं वाचन मागे पडतं आहे.

१६ नोव्हेंबर, सोमवार

शेंगांच्या जत्रेला बसवनगुडीला गेलो. रस्ताभर शेंगांचे ढीग आणि त्यातून वाट काढणारी गर्दी. जमना आता माझ्याशी थेट बोलते. एका ढिगापाशी ती भाव करत होती, तेवढ्यात मागून विद्याधर आला आणि वाकून म्हणाला, "काकू, तुम्हीच का त्या अक्का? आमच्या ऑफिसात सगळे तुम्हाला घाबरतात!"

जमनाने माझ्याकडे पाहिलं. मी शेंगांकडे पाहिलं.

घरी येईपर्यंत ती काही बोलली नाही. मला शेवटची ओळ आठवत राहिली. घरी आल्यावर संगणकासमोर बसली आणि म्हणाली, "दाखवा."

मी सगळं उघडून दाखवलं. तिने एकेक वाक्य वाचलं. मी उभाच होतो.

"हे तिसरं," ती म्हणाली. "'नंतर माझ्याकडे रडत यायचं नाही.' असं मी कधीच म्हणत नाही. मी म्हणते, 'नंतर या मग रडत, मी आहेच.' तुम्ही अर्धंच ऐकता."

बदललं. अक्काची दुसरी आवृत्ती. तिने आणखी वाक्यं सांगितली. शेंगा संपेपर्यंत सांगत होती.

१३ डिसेंबर, रविवार

वैताग आहे. कोअरसाठी मुळीच वेळ मिळत नाही. माडीवर नवीन कुणी आलं की शाल्मली त्याला सरळ माझ्या खुर्चीकडे पाठवते. आज एक मुलगी आली, हर्षिता. तिला कोअरच हवा होता. मी तिला विचारलं, घरात पाटी कोण वापरतं? म्हणाली, बाबा वापरतात, त्यांचं वकिलीचं काम आहे. मग बाबा कुठे अडतात ते आधी बघून ये म्हटलं. चुकलीस तरी फक्त तुझं नुकसान, त्यांचे कागद शाबूत राहतील. ती हिरमुसून गेली. संध्याकाळी तिचा फोन, बाबांना परिच्छेदाला क्रमांक घालायचे आहेत, कशी सुरुवात करू? तासभर गेला.

शिवाय ईमेल. ब्राझीलच्या एकाने स्वतःच्या आजीची वाक्यं घालून त्यांच्या भाषेतली अक्का बनवली आहे आणि ती माझ्याकडून तपासून हवी आहे. मला त्यातलं एक अक्षर कळत नाही. पण वाक्यं वाढत्या क्रमाने लांब होत जात होती. मी कळवलं, शेवटचं वाक्य सगळ्यात लहान पाहिजे. त्यानेच जास्त भीती वाटते. फार आभार मानले.

अशा किरकोळ गोष्टींत दिवस जातात.

१० जानेवारी १९९९, रविवार

आज शाल्मली स्वतः बनशंकरीला घरी आली. जमनाने उपीट केलं. खाऊन झाल्यावर शाल्मली म्हणाली, "काका, सगळेच अक्का लावतात. मग ती जोड कशाला ठेवायची? पुढच्या आवृत्तीत कोअरमध्येच घेऊ या म्हणते."

मी तिला पुन्हा सांगायला लावलं.

"कोअरमध्ये. तुमचं नाव कोअरच्या लेखकांत येईल."

बशी खाली ठेवली. मी फक्त म्हटलं, "सरी."

"एवढंच, की कोअरमध्ये सगळ्यांना चालेल असं पाहिजे नं. नाव 'सेव्ह रिमाइंडर' ठेवावं लागेल. आणि वाक्य एकच, साधं इंग्रजी. 'तुम्ही काही वेळ सेव्ह केलेलं नाही.' कोअरमध्ये कुणाला रागावता येत नाही."

मी जमनाकडे पाहिलं. ती बशा गोळा करत होती. म्हणाली, "तुमचं काम. तुम्ही ठरवा." आणि आत गेली. आतून कुकरशी काहीतरी बोलल्यासारखं वाटलं.

मी होकार दिला. कोण देणार नाही?

१४ फेब्रुवारी, रविवार

पाटीची नवी आवृत्ती निघाली. अक्काला जोडांच्या यादीतून काढलं. घरच्या संगणकावर नवी आवृत्ती बसवून लेखकांची फाइल उघडली आणि जमनाला बोलावलं. नावं इंग्रजी अक्षरांच्या क्रमाने आहेत, त्यामुळे बरंच खाली जावं लागलं. मालोजीरावचं 'एम. राव' केलं आहे. बंगळुरात एम. राव किती असतील याचा हिशेब नको.

जमनाने चष्मा लावून वाचलं. "हेच का ते?" म्हणाली.

"हेच."

"छान आहे," ती म्हणाली आणि चष्मा काढला.

नरसिंहालाही फोन केला. त्याने पगार विचारला.

मला वाटलं होतं त्याहून दिवस लवकर संपला.

२३ फेब्रुवारी, मंगळवार

न्यूझीलंडच्या बाईंचं ईमेल. नवी आवृत्ती फारच चांगली आहे, पण अक्का कुठे गेल्या? बऱ्या आहेत ना?

काय उत्तर द्यावं कळेना. बऱ्या आहेत, असं लिहिलं.

२ मार्च, मंगळवार

आमच्या गल्लीत महिनाभर एकाआड एक दिवस पाणी येतं आहे. जमना सगळ्यांच्या वतीने अर्ज लिहीत होती. मोठा अर्ज, प्रत्येक घराची वेगळी तक्रार. लाइट गेली. परत आली तेव्हा वरची चार वाक्यं शिल्लक होती, बाकी तिने सेव्हच केलेलं नव्हतं.

मी धावत गेलो. म्हटलं, "अगं, खाली ओळ आली असेल ना, सेव्ह केलेलं नाही म्हणून?"

"आली असेल."

"मग?"

"बँकेतून येतात तशी होती. कोण वाचतं?" थोडं थांबून म्हणाली, "ती असती तर केलं असतं."

मी म्हटलं, कोण ती? तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी पुढे विचारलं नाही.

३ मार्च, बुधवार

सकाळपासून बसलो. जुनी अक्का नव्या आवृत्तीत चालेना, म्हणून ती पुन्हा जोड म्हणून लिहायला घेतली. अडचण अशी, की कोअरमधली ती सभ्य ओळ आणि अक्का दोघी एकदमच बोलायला लागल्या. एकीने 'आपण सेव्ह केलेलं नाही' म्हणायचं आणि दुसरीने 'ऐकू येतंय ना?' पडद्यावर सासू-सुनेसारखं चाललं होतं.

विद्याधरला फोन लावला. म्हटलं, तुमची ती ओळ बाहेरून गप्प करायची सोय हवी. तो म्हणाला, "तशी सोय नाहीये काका. लिहून पाठवा ना मग." त्याच्या मागे कुणीतरी भांडत होतं, ऑफिसात असावा.

५ मार्च, शुक्रवार

कोअरमध्ये एक बारीकशी झडप ठेवली. कुठल्याही एक्स्टेन्शनने सांगितलं की मी बोलते, तर कोअरने आपली ओळ गिळायची. अक्काच कशाला, हर्षिताच्या आणि त्या ब्राझीलवाल्याच्या एक्स्टेन्शनलाही ती चालेल. चारच ओळी. सेव्हच्या भागाला हात लावलेला नाही. तो भाग तीनदा वाचला आणि लांबूनच नमस्कार केला. लाइट मध्येच घालवून पाहावी म्हणून मेन स्विच पाडून दोनदा तपासलं. जमना मिक्सर लावून बसली होती, तोही दोन्ही वेळा बंद पडला. चार ओळींच्या वर, त्या का आहेत ते लिहून ठेवलं. समासाबाहेर गेलं, जाऊ दे.

दुपारी पाठवलं. संध्याकाळी विद्याधरने काही न विचारता घेऊन टाकलं. नुसतं 'घेतलं' एवढंच लिहिलं होतं. त्याला बहुधा घाई असावी. शाल्मलीने खाली लिहिलं आहे, की पासवर्ड सुरू केला आहे, यापुढे स्वतःच टाकत जा. माहितीपुस्तकात पुन्हा चुका सापडल्या असणार. असो. लिहिण्यासारखं काही नाही.

मुख्य गोष्ट म्हणजे अक्का चालू झाली. जमनाला हाक मारली. ती हात पुसत आली, पाण्याचा अर्ज पहिल्यापासून लिहायला बसली. भराभर टाइप केलं, अर्जातलं शेवटचं वाक्य पूर्ण केलं, आणि थांबली. मी म्हटलं, कर ना सेव्ह. तिने मला हाताने गप्प केलं. दोन्ही हात मांडीवर ठेवून, पडद्याच्या तळाकडे बघत, ती काही न करता बसून राहिली.

"थांबा स्वल्प," म्हणाली. "बघू या ना, काय म्हणते ती."